पुढचा हात

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडे नवी केरसुणी आणतात. आई तिला हळद-कुंकू वाहायची, पाटाजवळ उभी करायची आणि चुकून पाय लागला तर नमस्कार करायला लावायची. केर काढण्याच्या साध्या साधनाला लक्ष्मी म्हणणारी ही रीत मला आजही सुंदर वाटते. पण शिंदीच्या पानांच्या या केरसुण्या पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या माणसांनी बांधल्या आणि त्यांची घरं मात्र गावकुसाबाहेर राहिली, हे मला बरंच मोठं झाल्यावर उमगलं. केरसुणी देव्हाऱ्यापाशी पोचली. ती बांधणारे हात पोचले नाहीत.

गेलं वर्षभर मी स्वतःपुरत्या ठरवलेल्या चार गोष्टी पाळते आहे. त्यातल्या काही जमल्या, काही अर्धवट राहिल्या. त्यांची हकीकत लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा ही केरसुणीच आठवली.

हे सगळं सुरू झालं एका फुटलेल्या पेल्यापासून. गेल्या वर्षी पावसाळ्यात ओट्यावरून काचेचा पेला पडला. मी तुकडे गोळा केले, एका पिशवीत घालून गाठ मारली आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दोन दिवसांनी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, "काच लागली ताई. होतं असं." कुणाच्या घरातली काच, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. त्या दहा-बारा वर्षं आमच्या इमारतीत येतात. आमच्या घरातल्या आजारपणांची, मुलीच्या परीक्षांची त्यांना माहिती असते. माझ्या डब्यात त्या रोज हात घालतात, हे चित्र मात्र मी एकदाही डोळ्यांसमोर आणलेलं नव्हतं.

संकल्प मी त्याआधीही केले होते. 'प्लास्टिकमुक्त घर', 'निसर्गस्नेही जगणं' असे शब्द एक जानेवारीला डायरीत लिहायचे आणि संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत ते विसरायचे, असं कितीतरी वर्षं चाललं. पृथ्वी वाचवायची, हे खरंच मनापासून वाटायचं. पण सकाळी सात वाजता ओट्यापाशी उभं राहून नेमकं काय करायचं, ते त्या शब्दांत नव्हतं. आणि केलं नाही तर कुणाचं काय बिघडलं, हेही दिसत नव्हतं. त्या फडक्याने ते दिसलं. म्हणून गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी डायरीच्या शेवटच्या पानावर साधी वाक्यं लिहिली. ओला कचरा घराबाहेर जाणार नाही. सुका कचरा धुऊन, वाळवून देईन. कापणारं, टोचणारं आणि अंगावरचं जे असेल ते गुंडाळून, खूण करून वेगळं देईन. आणि चौथं, मावशींबरोबर एक पूर्ण सकाळ काढीन. हे चौथं वाक्य मी सर्वांत आधी पाळलं. बरं झालं, कारण बाकीच्या तिन्हींचा अर्थ मला त्याच सकाळी लागला.

मावशी सात वाजता ढकलगाडी घेऊन येतात. गाडीवर ओल्यासाठी मोठ्या बादल्या, सुक्यासाठी पोती. बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही. असली तरी कचऱ्याची बादली घेऊन ती वापरू देतातच असं नाही. चार मजले वर, भरलेली बादली घेऊन चार मजले खाली. मी दोन इमारतींनंतर दमले. ओला कचरा ठरलेल्या जागी महापालिकेच्या गाडीत रिकामा होतो. मग सुक्याची पोती उपडी करून मावशी निवडायला बसतात आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. पुठ्ठा एकीकडे, पांढरा कागद एकीकडे, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, पातळ प्लास्टिक, पत्रा, बाटल्या. त्यांच्याकडे हातमोजे असतात, पण निवडताना त्या ते काढून ठेवतात. प्लास्टिक कोणतं आहे ते बोटांना कळतं, मोज्यातून कळत नाही.

एका घरातून आलेल्या पिशवीत चांगली जाड रद्दी होती आणि तिच्यावर कालची आमटी ओतलेली होती. मावशींनी ती बाजूला सारली. कोरडा कागद भंगाराच्या दुकानात वजनावर विकला जातो, भिजलेला कुणी घेत नाही. घराघरांतून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि हा विकला जाणारा माल, एवढीच त्यांची कमाई. म्हणजे मी ओलं-सुकं एकत्र टाकते तेव्हा कुणाच्या तरी मजुरीतून पैसे कापून घेते. 'वर्गीकरण करा' ही पाटी मी शंभरदा वाचली असेल. तिच्यात हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

मावशी 'स्वच्छ'च्या सभासद आहेत. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी ही गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. आधी रस्त्यांवर मोठाल्या कचरापेट्या असायच्या आणि त्यांत उतरून बायका कागद, काच, पत्रा वेचायच्या. त्यांतल्या बहुतेक जणी दलित समाजातल्या. दुष्काळाने आणि भूमिहीनतेने गावं सुटल्यावर शहरात आलेल्या अशा कितीतरी जणी होत्या. त्यांना चोर समजलं जायचं, हटकलं जायचं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या वस्त्यांमध्ये जाऊ लागल्या. हमाल पंचायतीचा अनुभव गाठीशी असलेले बाबा आढाव पुढे आले आणि १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नावातच माल आहे आणि कष्ट आहेत. पुढे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं या बायकांच्या हातात आली. ज्या बाईला कुणीही हुसकावून लावत होतं, तिच्याजवळ आता 'मी कामगार आहे' असं सांगणारा कागद होता.

त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. कचरापेटीत उतरण्याऐवजी या बायका दारापर्यंत येऊ लागल्या. आज तीन हजारांहून अधिक कष्टकरी या कामात आहेत आणि त्यांत बायका जास्त. सहकाराच्या महाराष्ट्राने साखर कारखाने काढले, दूध संघ काढले, सूतगिरण्या काढल्या. त्या मालिकेत मी ही संस्था अभिमानाने ठेवते. तिच्या सभासदांकडे भांडवल म्हणून जमीन नव्हती, ऊस नव्हता, गाय नव्हती. शहराने टाकून दिलेल्या वस्तूंची पारख तेवढी होती.

आपल्या घरातून कचरा गेला की तो 'गेला' असं आपण म्हणतो. मी कोथरूडची. वनाजला आज मेट्रोच्या गाड्या जिथे मुक्कामाला जातात, तिथे पूर्वी शहराचा कचरा डेपो होता. कोथरूड वाढलं, इमारती आल्या, आम्हाला वास सहन होईना, आणि कचरा शहराच्या दुसऱ्या टोकाला उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊ लागला. तिथल्या विहिरी नासल्या, माशांनी घरं भरली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या. तेव्हा पुण्यात कचऱ्याचे ढीग साचले आणि वर्तमानपत्रांत 'कचराकोंडी' हा शब्द रोज येऊ लागला. त्या दिवसांत आमच्या इमारतीत सगळे नाक दाबून जात होते आणि गावकरी आडमुठे आहेत असं बोलत होते. मीही तेच बोलले होते. आमचा वास वर्षानुवर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात होता, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. मुंबईत देवनारच्या कचरा डेपोची कथा तर १९२७ पासूनची आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथला डोंगर पेटला आणि धूर दिवसेंदिवस वस्त्यांवर राहिला. डेपोंना आगी लागण्यामागे एक साधं रसायन असतं. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजतो, त्यातून मिथेन निघतो, आणि तो ठिणगीची वाट पाहत असतो. हाच मिथेन वातावरणात गेला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास ओला असतो. वाटाण्याची टरफलं, कलिंगडाची सालं, उरलेली पोळी, निर्माल्य. यातलं काहीही मुळात कचरा नाही.

म्हणून पहिलं वाक्य. ते पाळणं मला सर्वांत जड गेलं आणि त्यातच सर्वांत जास्त आनंद मिळाला, त्यामुळे त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

दोन जुन्या बादल्यांना बाजूने आणि तळाशी भोकं पाडली, खाली ताटल्या ठेवल्या. तळात नारळाच्या शेंड्या, वर मूठभर जुनं खत, आणि रोजचा ओला कचरा घालायला सुरुवात केली. आठवड्याभरात बादलीतून काळं पाणी सुटलं, आंबूस वास येऊ लागला, आणि एका सकाळी झाकण उघडलं तर आत करड्या, जाडसर अळ्या वळवळत होत्या. मी झाकण लावून आत आले. घरात सगळ्यांचं मत एकच होतं, की हे बंद करावं.

मी बंद केलं नाही, कारण नाहीतर ती बादली मावशींच्या हातात जाणार होती. मला ज्याची किळस येते ते दुसऱ्या बाईने का उचलावं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग जाणकारांना विचारलं. चूक सोपी होती. मी नुसतं ओलं घालत होते. खत करणारे सूक्ष्मजीव नायट्रोजन आणि कार्बन दोन्ही खातात, आणि नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस ते तीस भाग त्यांना हवे असतात. भाजीची देठं आणि शिळं अन्न नायट्रोजन देतात. कार्बन येतो वाळलेल्या पाल्यातून, लाकडाच्या भुशातून, फाडलेल्या पुठ्ठ्यातून. कोरडं घातलं की हवेला वाट मिळते, पाणी शोषलं जातं आणि वास थांबतो. अळ्या निघाल्या 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' नावाच्या माशीच्या. त्या कचरा झपाट्याने संपवतात आणि ती माशी अन्नावर बसून रोग पसरवत नाही. आमच्या आवारातल्या झाडांचा पाला झाडून पोत्यात भरून गाडीत जात होता, कधी कोपऱ्यात पेटवलाही जात होता. मी ती पोती मागून घेतली. ओंजळभर ओलं, वर ओंजळभर पाला, चार दिवसांनी खालवर, कधीमधी आंबट ताकाचा शिपका. मूठ वळली तर खत ओलसर लागावं, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढी एक खूण लक्षात ठेवली.

माघात पहिली बादली उपडी केली. काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. तीन माणसांच्या घराचा अडीच-तीन महिन्यांचा ओला कचरा अर्ध्या बादलीहून कमी झाला होता. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून सामान्य शेतकऱ्यांना आणि शहरातल्या लोकांना हेच शिकवलं होतं, की सेंद्रिय काही वाया जात नाही आणि आपल्या अंगणात वा गच्चीत प्रत्येकाला प्रयोगशाळा उभारता येते. गणिताच्या या प्राध्यापकाने त्यावर 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक लिहिलं. ते पुस्तक माझ्या कपाटात बरीच वर्षं होतं. ते नीट वाचलं मात्र बादलीनंतर.

तिसऱ्या वाक्यातलं 'अंगावरचं' म्हणजे सॅनिटरी नॅपकिन. लिहिताना मीही आडून लिहिलं होतं आणि ते आडून लिहिणंच या प्रश्नाचं मूळ आहे. घरात ज्याचा उच्चार होत नाही ते काळ्या पिशवीत, डब्याच्या तळाशी लपवून टाकलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई ते उघड्या हातांनी वेगळं करते. 'स्वच्छ'च्या बायकांनी यावर एक साधी विनंती केली. वापरलेला नॅपकिन कागदात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या. ठिपका दिसला की पुडी उघडावी लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्यांनीच ते गुंडाळायला पाकीट द्यावं, असं सांगितलं. आमच्या न्हाणीघरात आता एक लाल पेन दोरीने बांधून ठेवलेलं आहे. पाहुणी आली तर तिला सांगायला सुरुवातीला मला संकोच व्हायचा. माझी मुलगी मात्र पहिल्या दिवसापासून सरळ सांगते.

सुक्या कचऱ्याचं सोपं होतं, कारण आपल्या घरांना त्याची सवय मुळात होती. दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या फरशीवर चिकटवून वाळवणाऱ्या आया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या पिशव्या रद्दीवाल्याकडे जात आणि त्यातून पितळी नाही तरी स्टीलचं भांडं येई. एवढीच भर घालायची, की पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो चिमुकला तुकडा कुणालाच वेचता येत नाही आणि थेट गटारात जातो.

मी मावशींबरोबर भंगाराच्या दुकानातही गेले. तिथे एक गोष्ट कळली, तिने माझी यादी बदलली. बाटली विकली गेली, पुठ्ठा गेला, दुधाच्या पिशव्या गेल्या. पोत्यात राहिली ती चिप्सची, बिस्किटांची, शाम्पूच्या पुड्यांची चकचकीत वेष्टनं. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवून ती बनवतात. थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून दुकानदार घेत नाही. मी ती कितीही स्वच्छ धुऊन दिली तरी मावशींना ती नुसतं ओझं. जे पोत्यात उरतं ते दुकानातून घरी आणायचंच कमी करायचं, असं पाचवं वाक्य मी चैत्रात लिहिलं. डाळ-तांदूळ वाण्याकडून कापडी पिशव्यांत आणते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर त्या शिवून घेतल्या होत्या, त्या आता रोज बाहेर निघतात. पण घरपोच मागवलेल्या वस्तूंची वेष्टनं आणि वडिलांच्या औषधांची पाकिटं यांच्यापुढे माझं काही चाललं नाही. वैशाखापासून, त्यांच्या आजारपणात, दोन महिने खताची बादलीही थांबली होती. ती परत सुरू करताना मी स्वतःवर चिडले नाही. घरातल्या माणसाची सेवा करताना जे सुटलं ते सुटलं.

याच काळात एका मित्राने गंभीरपणे विचारलं, की तू एक बादली खत करून काय होणार? वेष्टनं बनवणाऱ्या कंपन्या, खतखड्डे कागदावर दाखवणारे बिल्डर, नियम न पाळणाऱ्या यंत्रणा यांना सोडून बायकांनी घरात कष्ट का वाढवायचे? प्रश्न खरा आहे. घरातला कचरा सांभाळण्याचं काम घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं, हेही खरं आहे. आमच्याकडे पाला आणणं आणि बादली खालवर करणं हे नवऱ्याकडे आहे, आणि ते तसं ठरवून घ्यावं लागलं. कंपन्यांना जबाबदार धरायलाच हवं, या मताची मी आहे. पण ती लढाई जिंकेपर्यंत उद्या सकाळी सात वाजता मावशी येणारच आहेत. त्या सकाळचं उत्तर माझ्याकडूनच जायला हवं.

मला या वर्षात सारखी आठवण झाली अप्पा पटवर्धनांची. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये मैला साफ करण्याचं काम केवळ अस्पृश्य मानलेल्या कैद्यांना दिलं जात असे. अप्पांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. नकार मिळाल्यावर त्यांनी अन्न सोडलं, आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पांनी सोपे संडास बांधले, सोनखत केलं, मेलेल्या जनावरांची कातडी स्वतः सोलली. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसाने स्वच्छतेचं व्याख्यान देण्याआधी जातीने ठरवलेलं काम आपल्या हातात घेतलं. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. सेनापती बापट पारनेरात रस्ते आणि गटारं साफ करत. आपल्या भाषेत शाश्वत जीवनशैली वगैरे शब्द यायच्या कितीतरी आधी या माणसांनी तिचा गाभा दाखवून ठेवला होता: माझ्या घाणीला पुढचा हात कुणाचा लागतो, हे पाहायचं, आणि जमेल तितका तो हात आपलाच असू द्यायचा.

दिवाळी तोंडावर आहे. कचऱ्याच्या दृष्टीने हा वर्षातला सर्वांत जड आठवडा. साफसफाईत निघालेलं सामान, मिठाईचे खोके, फटाक्यांचे कागद. या आठवड्यात मावशींना सुट्टी नसते. परवा मी त्यांना विचारलं, भाऊबीजेला कुठे जाता? त्या म्हणाल्या, "भाऊ फलटणकडे असतो. सकाळचं काम उरकून निघालं तर पोचायला दिवस मावळतो. म्हणून जात नाही."

आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत. त्यातल्या नऊ घरांत आता खताच्या बादल्या आहेत. त्या घरांतलं ओलं दोन दिवस राहिलं तरी वास येत नाही आणि धुतलेलं सुकं तर आठवडाभरही राहू शकतं. उरलेल्या पंधरा घरांशी मी आणि शेजारच्या काकू बोललो. ज्यांच्याकडे बादली नाही त्यांनी त्या दोन दिवसांचं ओलं आमच्या बादल्यांत आणून टाकायचं, असं ठरलं. त्यासाठी नवऱ्याने पाल्याची दोन जादा पोती भरून ठेवली आहेत. जिन्याखालच्या फळ्यावर काकूंनी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: पाडवा आणि भाऊबीज, दोन दिवस कुणीही कचरा दाराबाहेर ठेवू नये.

मावशींनी काल तो फळा माझ्या मुलीकडून वाचून घेतला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "ताई, तिसऱ्या दिवशी सगळं एकदम माझ्याच बादलीत नाही ना यायचं?"

तो त्यांचा अनुभव आहे. म्हणून या वर्षीच्या पाडव्यासाठी डायरीत एकच वाक्य लिहिलंय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मावशींची बादली रोजच्याहून जड असता कामा नये. त्या सकाळी सात वाजता मी खाली उभी असेन, बादली उचलून पाहायला.